व्हिजन लिहायचं, पण कोणाचं?

वाचकाचं पत्र, थोडक्यात:

"आमच्या मंडळीला, म्हणजे चर्चच्या समुदायाला, पुढच्या वर्षी ७५ वर्षं पूर्ण होतील. रजिस्टरवर १३० कुटुंबं आहेत, रविवारी येतात जेमतेम पन्नास माणसं, त्यातली निम्मी साठीपुढची. दोन वर्षांपूर्वी आलेले पाळकसाहेब (चर्चचे धर्मगुरू) उत्साही आहेत. त्यांनी दहा वर्षांचं व्हिजन मांडलं: नवा हॉल, मोठा स्क्रीन, तरुणांसाठी संध्याकाळची वेगळी उपासना, सभासद दुप्पट. ज्येष्ठ म्हणतात, आधी गळकं छप्पर बघा. तरुणांपैकी बरेच दुसऱ्या फेलोशिपला (प्रार्थनागटाला) जातात, उरलेले बैठकीत गप्प बसतात. मी कमिटीची सेक्रेटरी. इतिवृत्त मी लिहिते, संडे स्कूल माझ्याकडे, महिला मंडळाचा हिशेबही माझ्याकडेच. आता ज्युबिलीच्या आत 'सगळ्यांना मान्य होईल असं व्हिजन' लिहून आणायचं कामही माझ्याकडे आलं आहे. माझे थोरले दीर विश्वस्त आहेत आणि पाळकांच्या विरोधात आहेत, त्यामुळे घरातही हाच विषय. मसुदा लिहिते आणि फाडते. आणि जे कमिटीत बोलू शकत नाही ते तुम्हाला लिहिते: हल्ली मला रविवारी चर्चला जावंसंच वाटत नाही. मग मंडळीचं भविष्य लिहिणारी मी ढोंगी नाही का?"

उत्तर:

प्रिय ताई,

प्रभूमध्ये सलाम. तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण बाकी सगळं त्याच्यावर अवलंबून आहे.

चर्चला जावंसं न वाटणं हे ढोंग नव्हे. मनात तसं असताना भरल्या आवाजात साक्ष देत उभं राहणं हे ढोंग, आणि ते तुम्ही केलेलं दिसत नाही. तुम्ही दमला आहात. बायबलमधल्या १ राजे १९ मध्ये एलीया संदेष्टा झुडपाखाली बसून मरण मागतो, तेही कर्मेल डोंगरावरच्या मोठ्या विजयानंतर लगेच. देव त्याला तिथे उपदेश करत नाही. झोपू देतो, भाकर आणि पाणी देतो, पुन्हा झोपू देतो, पुन्हा खायला घालतो. 'तू इथे काय करतोस?' हा प्रश्न त्यानंतर चाळीस दिवसांच्या वाटचालीनंतर, होरेब डोंगरावर येतो. 'मी एकटाच उरलो' या त्याच्या तक्रारीलाही तिथेच उत्तर मिळतं: देवाला धरून राहिलेले अजून सात हजार आहेत. मंडळीची सेक्रेटरी झालेल्या माणसाला हे सात हजार दिसेनासे होतात. त्याच्यासमोर न आलेल्यांची नावं तेवढी असतात.

तेव्हा संडे स्कूल किंवा महिला मंडळाचा हिशेब, यातलं एक या महिन्यात सोडा. 'दुसरं कोणी नाही' असं तुम्ही म्हणाल. तुम्ही सोडेपर्यंत दुसरं कोणी दिसणारही नाही. आणि येत्या एखाद्या रविवारी फाइल घरी ठेवून मागच्या बाकावर बसा. उपासनेनंतर कोणी सहीसाठी कागद पुढे केला, तर सोमवारी बघू म्हणा.

आता व्हिजन. 'सगळ्यांना मान्य होईल असं लिहून आणा' हे मुळात लेखनाचं काम नाही. भांडण मिटवण्याचं काम आहे, ते कमिटीने कागदावर ढकललं आणि कागद तुमच्यावर. तुम्ही मसुदे फाडता यात तुमच्या लेखणीचा काही दोष नाही. तसा मजकूर लिहायला एक रात्र पुरे: 'प्रीतीने व एकतेने, पवित्र आत्म्याच्या सामर्थ्यात सुवार्तेची साक्ष देणारी मंडळी.' टाळ्या पडतील, ठराव एकमताने मंजूर होईल. पण हेच वाक्य जगातल्या कुठल्याही मंडळीच्या नावाखाली छापता येईल, म्हणून तुम्हाला त्याचा उपयोग शून्य. ज्युबिलीच्या बॅनरवर नीतिसूत्रे २९:१८ येणार हेही मी आत्ताच सांगून ठेवते. दृष्टान्त (म्हणजेच व्हिजन) नसला की लोक अनावर होतात, एवढाच अर्धा भाग येईल. नियमशास्त्र पाळणारा धन्य, हा उरलेला अर्धा सहसा बॅनरवर मावत नाही.

त्याऐवजी कमिटीला प्रकटीकरणाचे दुसरा आणि तिसरा अध्याय वाचायला लावा, एका बैठकीत, बाकी काही विषय न घेता. येशूची सात मंडळ्यांना सात पत्रं. सगळी शहरं एकाच रोमी प्रांतातली, आजच्या पश्चिम तुर्कस्तानातली. तरीही एकीचं पत्र दुसरीला चालणार नाही. इफिसकर कष्ट करतात, खोटे प्रेषित बरोबर ओळखतात, खचत नाहीत, पण पहिली प्रीती सोडून बसले आहेत. स्मुर्णा दरिद्री, आणि तिला सांगितलं जातं की तू धनवान आहेस. फिलदेल्फियाची शक्ती थोडकी, पण तिच्यापुढे दार उघडून ठेवलेलं. या दोघींना रागाचा एक शब्द नाही. लावदिकीया मात्र 'मी श्रीमंत आहे, मला काही कमी नाही' म्हणणारी, आणि तिच्या वाट्याला एकही शाबासकी नाही. ते शहर इ.स. ६० च्या भूकंपात पडलं आणि रोमची मदत न घेता स्वतःच्या पैशावर पुन्हा उभं राहिलं, अशी नोंद टॅसिटस या रोमी इतिहासकाराने केली आहे. शहराचा ताठा मंडळीत शिरायला वेळ लागत नाही, तुमच्याआमच्याही.

या सातही पत्रांत 'मला ठाऊक आहे' असं येतं. पुढे काय करायचं ते त्यानंतर. पाळकसाहेबांच्या व्हिजनमध्ये ही पायरी राहून गेली आहे. हॉल वाईट नाही, स्क्रीन पाप नाही. पण रजिस्टरवरची बहुतेक घरं रविवारी का दिसत नाहीत, हे कमिटीत कोणाला ठाऊक आहे? तुम्ही पत्रात सगळ्यांची मतं लिहिली आहेत, पाळकांची, ज्येष्ठांची, दिरांची. न येणाऱ्यांचं एकही वाक्य त्यात नाही.

म्हणून कमिटीकडून चार महिने मागून घ्या. चारच का? पारसाच्या राजाच्या पदरी असलेल्या नहेम्या या यहुद्याला यरुशलेमच्या पडलेल्या तटाची बातमी किस्लेव महिन्यात कळली आणि राजापुढे त्याने तोंड उघडलं ते नीसान महिन्यात, म्हणजे मध्ये साधारण तेवढेच महिने उपास-प्रार्थनेत गेले. यरुशलेमेत पोचल्यावर तीन दिवस तो काही बोलला नाही. मग रात्री, थोडी माणसं घेऊन, कोणाला न सांगता तट फिरून पाहिला. एका ठिकाणी तर त्याच्या जनावराला पुढे जायला वाट नव्हती. लोकांपुढे बोलला तो त्यानंतर. आणि तट पुरा झाला ५२ दिवसांत. आपल्याकडे नेमकं उलट चालतं: एका बैठकीत ठराव, आणि मग वर्षानुवर्षं बांधकाम.

या चार महिन्यांत रजिस्टरवरच्या प्रत्येक घरी जायचं. दोघांनी जायचं, एक ज्येष्ठ आणि एक तरुण. दोघांनाही एकमेकांची सवय होईल, हा वरचा फायदा. विचारायचं फार नाही. तुम्ही शेवटचं चर्चला कधी आलात, आणि त्या दिवशी काय झालं होतं? मंडळीतलं कोण तुमच्या घरी शेवटचं आलं होतं? सध्या घरात कशाची काळजी आहे? उत्तर आलं की खुलासा द्यायचा नाही, मंडळीची बाजू मांडायची नाही. आणि प्रार्थना करून उठताना 'येत्या रविवारी या हं' म्हणायचं नाही. हे सगळ्यात अवघड जाईल, बघा.

स्क्रीन नव्हता म्हणून चर्च सोडलं, असं सांगणारं घर क्वचितच भेटेल, असा माझा अंदाज आहे. आईच्या दफनविधीला चारच माणसं आली होती. मुलीच्या लग्नावरून कमिटीत कुजबूज झाली. नोकरी गेली तेव्हा अर्पणाच्या पाकिटावरून कोणीतरी टोमणा मारला. आजारपणात पाळक आले, पण प्रार्थना घाईत उरकून गेले. अशी कारणं निघतील, आणि त्यातली काही तुमच्या ओळखीच्या माणसांपर्यंत पोचतील. काही कुटुंबं कधीच दुसरीकडे राहायला गेलेली असतील, काही नावं रजिस्टरवरही असतील आणि थडग्यावरही. रजिस्टर त्याच वेळी दुरुस्त करा. खरा आकडा १३० वरून ७० वर आला तर तो ७० च लिहा. आकडा खोटा असला की त्यावरची प्रत्येक योजना खोटी होते, आणि मंडळीत तरी ते शोभत नाही.

चर्चच्या आजूबाजूला राहणाऱ्या, मंडळीत नसलेल्या काही लोकांनाही भेटा. या इमारतीत काय चालतं असं तुम्हाला वाटतं, एवढंच विचारा. उत्तर कमिटीत जसंच्या तसं वाचून दाखवा.

घरातल्या काळजीबद्दलच्या तिसऱ्या प्रश्नाची उत्तरं मात्र नीट जपून ठेवा. तुमचं व्हिजन सापडलंच तर तिथे सापडेल. समजा, वीस घरांत एकटे राहणारे म्हातारे आईवडील निघाले, किंवा पंधरा घरांत परीक्षेत अडकलेली पोरं, किंवा दारूने पोखरलेले संसार. मग पुढच्या पाच वर्षांत मंडळीने काय करायचं यावर इतकी चर्चा करावी लागणार नाही. नवा हॉल लागणार असेल तर तो कशासाठी, हेही तिथेच कळेल.

तरुणांबद्दल. बैठकीत गप्प बसणारा तरुण बहुतेक वेळा आधी एकदा बोललेला असतो. प्रेषितांची कृत्ये, सहावा अध्याय आठवा. ग्रीक भाषा बोलणाऱ्या यहुदी विश्वासणाऱ्यांनी तक्रार केली की रोजच्या वाटपात आमच्या विधवांकडे दुर्लक्ष होतं. प्रेषितांनी त्यांना धीर धरायला सांगितलं नाही, उपसमितीही नेमली नाही. मंडळीने सात जण निवडले, आणि स्तेफनापासून निकलावापर्यंत सातही नावं ग्रीक आहेत. ज्यांची तक्रार होती, त्यांच्याच माणसांच्या हाती वाटप गेलं, म्हणजे पैसाही गेला. तुमच्या मंडळीत तरुणांना आजवर काय दिलं गेलं? खुर्च्या मांडणं, साउंड सिस्टीम आणि नाताळचं नाटक. त्यांच्यातल्या दोघांना कमिटीत मतासह घ्या आणि एका कामाचा खर्च पूर्णपणे त्यांच्या सहीवर सोडा. फेलोशिपला जाणाऱ्यांना परत आणण्याची मोहीम काढू नका. त्यांना तिथे काय मिळतं ते ऐकून घ्या, त्यांच्यावर रागवून काही हाती लागणार नाही.

ज्येष्ठांचं छप्पर दुरुस्त करून टाका. त्याला व्हिजन लागत नाही, कंत्राटदार लागतो. पावसाआधी दोन-तीन ठिकाणांहून अंदाज मागवा आणि विषय संपवा. पण छपराच्या आडून ते दुसरंच काही सांगत असतील, तिकडे लक्ष द्या. त्यांचा बाप्तिस्मा त्या छपराखाली झाला, लग्नं झाली, जोडीदाराची शवपेटी त्याच वेदीसमोर ठेवली गेली. नव्या हॉलचं रंगीत चित्र समोर आलं की त्यांना ऐकू येतं, तुमचं होतं ते आता जुनं झालं. त्यांना एक काम द्या: ही मंडळी ७५ वर्षांपूर्वी इथेच का सुरू झाली, कोणासाठी, पहिली उपासना कोणाच्या घरी झाली, हे जुन्या वह्यांतून आणि आठवणींतून शोधून काढायचं. मंडळी सहसा हवेतून उभी राहत नाही, काहीतरी ठोस गरज असते. ती गरज आता उरली आहे का, हे त्यांनीच कमिटीला सांगावं. त्यांच्या तोंडून आलेला बदल मंडळी ऐकेल.

पाळकसाहेबांशी एकट्या भेटून बोला, आणि त्यांना पाडण्यासाठी नव्हे. उत्साही पाळक मिळणं ही लहान गोष्ट नाही, हे रिकाम्या व्यासपीठाच्या मंडळ्यांना विचारा. त्यांना दोन गोष्टी सांगा. एक, दहा वर्षांचं व्हिजन ज्याच्या नावाने ओळखलं जातं त्याची बदली झाली की ते कपाटात जातं. ते टिकायचं तर त्यावर मंडळीचं नाव हवं, त्यांचं नको. दुसरी गोष्ट 'सभासद दुप्पट' बद्दल. प्रेषित पौलाने करिंथच्या मंडळीला लिहिलं की मी रोप लावलं, अपुल्लोसाने पाणी घातलं, वाढवणारा देव. जे आपल्या हातात नाही त्याचा आकडा कागदावर लिहिला की दोनच परिणाम होतात, निराशा किंवा आकड्यांची ओढाताण. आपल्या हातात जे आहे त्याचा आकडा लिहा: वर्षात प्रत्येक घरी दोन भेटी, रुग्णालयात दाखल झालेल्या सभासदाकडे दुसऱ्या दिवसापर्यंत कोणीतरी पोचणं. असे आकडे चुकले तर कळतंही आणि सुधारताही येतं.

आणि दीर. मध्यस्थी तुम्ही करू नका. विश्वस्त आणि पाळक यांनी आमनेसामने बसावं, तिसरा कोणी वडीलधारा माणूस सोबत घेऊन, आणि त्यात धाकट्या भावजयीने निरोप्या होऊ नये. घरात विषय निघाला की 'कमिटीत बोलू या, दादा' एवढंच म्हणा. पण त्या दोघांचं भांडण मिटण्याआधी व्हिजन छापू नका, हे माझं ठाम मत आहे. जर्मनीतल्या हर्नहुटचं उदाहरण पाहा. १७२२ मध्ये मोराव्हियातून छळामुळे पळालेले लोक काउंट झिन्झेनडॉर्फच्या जमिनीवर वसले, आणि पाच वर्षांत आपसांत इतके भांडले की वस्ती मोडायला आली. झिन्झेनडॉर्फ घरोघर फिरला, लोकांशी बोलला, मग १७२७ च्या मे महिन्यात सगळ्यांनी एकत्र राहण्याच्या करारावर सह्या केल्या. त्या ऑगस्टमध्ये एका प्रभुभोजनाच्या वेळी मनं खरोखर जुळली. परदेशी पहिले दोन मिशनरी निघाले ते १७३२ मध्ये, आणि मग त्या छोट्या वस्तीतून ते जगभर गेले. जगभर जायचं हे त्यांनी १७२२ च्या कुठल्या कागदावर लिहून ठेवलं नव्हतं.

चार महिन्यांनंतर जो कागद तयार होईल तो एका पानाचा ठेवा. कोणासाठी, काय, कोण करणार, पैसा कुठून. बुरूज बांधायच्या आधी बसून खर्चाचा हिशेब करावा, हे लूक १४ मध्ये येशूनेच सांगितलं आहे, तेव्हा हिशेबाला अविश्वास म्हणणाऱ्यांना तो अध्याय दाखवा. आणि त्या पानावर अर्धी जागा काय बंद करणार यासाठी ठेवा. पन्नास माणसांच्या मंडळीत तुम्ही सांगता त्यावरूनच चार-पाच मंडळं आणि समित्या आहेत, त्याच त्या दहा जणांच्या जिवावर. नवं काही सुरू करायचं तर जुनं काहीतरी थांबलंच पाहिजे. ज्युबिलीचं निमित्त चांगलं आहे: लेवीय २५ मधल्या योबेल (म्हणजेच ज्युबिली) वर्षात स्मरणिका आणि सत्कार नव्हते. जमीन पडीक ठेवायची, विकावी लागलेली वतनं मूळ घराण्याला परत द्यायची, दास मोकळे करायचे. तुमच्या मंडळीने ज्युबिली वर्षात दोन समित्यांना विसावा दिला आणि एखाद्या सभासदाचं जुनं देणं माफ केलं, तर ते शास्त्राला जास्त धरून होईल.

मंडळी लहानच राहील, हीही शक्यता त्या पानावर उघड लिहा. इफिसला इ.स. ४३१ मध्ये साऱ्या ख्रिस्ती जगाच्या बिशपांची परिषद भरली होती. पुढे त्याचं बंदर गाळाने भरलं, शहर ओस पडलं, आज तिथे अवशेष बघायला पर्यटक जातात. दरिद्री स्मुर्णा म्हणजे आजचं इझमीर, तिथे थोड्याफार ख्रिस्ती लोकांची उपासना अजून होते. यातून काही सिद्धांत काढू नका, बंदरात गाळ साचणं ही पापाची शिक्षा नसते. पण साठ माणसांची मंडळी म्हणून नीट जगायचं कसं, हा प्रश्न दुप्पट होण्याच्या प्रश्नाइतकाच मानाचा आहे, आणि त्याचं उत्तर तयार असलं तर कमिटीतली भीती बरीच उतरेल.

पुढच्या बैठकीत मांडायला ठराव देते, शब्द तुमचे घाला: 'ज्युबिलीपूर्वी व्हिजन छापले जाणार नाही. पुढील चार महिने सर्व नोंदणीकृत घरांना जोडीने भेटी दिल्या जातील. छप्पर दुरुस्तीचे अंदाज पुढील बैठकीत ठेवावेत. तरुणांमधून दोन सभासद मताधिकारासह कमिटीत घ्यावेत. सेक्रेटरीच्या मदतीस एक सहायक नेमावा.' मतदानाची वेळ आली तर चिठ्ठ्या नकोत, हात वर करून मत घ्या. ज्यांचे हात वर होतील, त्यांची नावं तिथल्या तिथे भेटींच्या जोड्यांमध्ये लिहून घ्या.